पंख उघडलेला पाणकावळा

१

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण थडथडलं आणि सकाळची शांतता मोडली. हातातला ब्रश टाकून मी गॅसकडे धावले. चिंगी जागी झाली नव्हती. एक पाय पांघरुणाबाहेर, तोंड अर्धवट उघडं, मुठीत कालच्या बिस्किटाचा कागद. ती उठेपर्यंतचा पाऊण तास हा माझा दिवसातला एकमेव स्वतःचा वेळ. तोही मी पक्ष्यांचे पाय आणि चोची रंगवण्यात घालवते, कारण आमचं पोट त्यावर चालतं.

झाकण गप्प झालं आणि दार वाजलं.

दारात मावशी उभ्या होत्या. मी ज्या पक्षिसंग्रहालयासाठी चित्रं काढते, तिथे त्या झाडलोट करतात. हातात केरसुणी तशीच.

"ताई, चहा नको, पाणी नको. आधी चला. पाणकावळ्याने पंख उघडलेत."

"कुठल्या पाणकावळ्याने?"

"आपल्या. पेटीतल्या."

पेटीतला पाणकावळा चाळीस वर्षांपूर्वी मेला होता. मेल्यावर माझ्या मामाने त्यात पेंढा भरून, पंख मिटून त्याला दगडावर बसवला होता. तेव्हापासून तो हलला नव्हता.

चिंगीला पांघरुणासकट खांद्यावर टाकलं आणि निघाले. संग्रहालय दोन गल्ल्या सोडून, तलावाच्या काठावर. धुकं इतकं दाट होतं की पाणी कुठे सुरू होतं ते फक्त वासावरून कळत होतं.

मोठ्या दालनात मधोमध ती काचेची पेटी. वर माझ्याच अक्षरातली पाटी: 'दोन मोठे मासेखाऊ'. डावीकडे पेलिकन, ज्याला आम्ही सगळे झोळीवाला म्हणतो. उजवीकडे पाणकावळा. एकच तलाव, एकच मासे, पण धंद्याची रीत वेगळी. झोळीवाल्याच्या हाडांत हवा, कातडीखालीही हवा. त्याला बुडायचं म्हटलं तरी बुडता येत नाही. तो वरच्या वर पोहत झोळीने मासे उपसतो. पाणकावळा खोल बुडी मारतो. त्याचे पंख पाणी पितात, म्हणून बाहेर आला की त्याला पंख पसरून उन्हात उभं राहावं लागतं.

आणि आज तो तसाच उभा होता. दोन्ही पंख ताणून पसरलेले. मान किंचित वळलेली, दाराकडे. काचेला आतून धुकं धरलं होतं आणि त्यातून एकेक थेंब खाली ओघळत होता. कुलूप जागच्या जागी.

"किल्ल्या दोनच," संग्रहालयाच्या नव्या प्रमुख, मॅडम, म्हणाल्या. "माझी घरी कपाटात होती. दुसरी मामांकडे."

मामा दाराशीच थांबला होता. आत येत नव्हता.

"शनिवारी ही काच काढून शाळेची मुलं पक्ष्यांना हात लावणार, हे मामांना पहिल्यापासून पसंत नाही," मॅडम म्हणाल्या. "म्हणून लोकांना घाबरवायचं? शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत हे कसं झालं ते मला कळलं पाहिजे. नाहीतर मामा, दोन्ही किल्ल्या टेबलावर ठेवा. पेटीची आणि तुमच्या खोलीचीही."

संग्रहालयामागची ती एक खोली. मामा तिथेच काम करतो, तिथेच झोपतो. त्याला दुसरं घर नाही.

"मामा, बोल की काहीतरी," मी कुजबुजले.

"मेलेल्या पक्ष्याच्या मनातलं मला काय ठाऊक?" तो म्हणाला आणि निघून गेला.

माझ्या खांद्यावर चिंगीने एक डोळा उघडला. पेटीकडे पाहिलं.

"आई, तो वाळतोय," ती म्हणाली आणि पुन्हा झोपली.

२

शाळेने चिंगीला माझ्याकडून घेतलं की तीन तास मिळतात. त्यातला पहिला मी मावशींना दिला. त्या मागच्या पायरीवर फडकी पिळत बसल्या होत्या.

"मावशी, खरं सांगा. तुम्ही काय पाहिलंत?"

"मी कशाला काय पाहू? माझं काम जमिनीकडे बघायचं." मग आवाज खाली. "रविवारी पहाटे मी लवकर आले होते. धुक्यात समोरून कुणीतरी चाललेलं. माणूस दिसत नव्हता हो, नुसता काळा पक्षी दिसत होता. माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. तरंगत. आणि ताई…"

"काय?"

"त्याला डोळे नव्हते. दोन भोकं."

पिळलेल्या फडक्यातून पाणी टपटपत होतं. मला उगाच मागे वळून पाहावंसं वाटलं.

"कुठे गेला?"

"मी थांबते का बघायला? नातवंडं आहेत मला." त्यांनी फडकं झटकलं. "ती पेटीच वाईट आहे. बाकीच्या पेट्यांत बघा, कसर लागलीय, घारीची शेपूट गेली, बगळ्याची मान गेली. जिवंत किडे वळवळतात. आणि या दोघांच्या पायाशी? मेलेले. दर महिन्याला मामा पेटी उघडून देतात तेव्हा मी चिमूटभर मेलेले किडे झाडून काढते. जे जवळ जाईल ते मरतं."

"मामाच्या हाताला यश आहे, म्हणून टिकलेत ते," मी म्हणाले. सगळे असंच म्हणायचे. लांबलांबची माणसं हे दोन पक्षी बघून मामाच्या पाया पडून गेली होती.

"असेल," मावशी म्हणाल्या. "पण आजही मी काचेतून पाहिलं. झोळीवाल्याच्या पायाशी चार मेलेले. पाणकावळ्याच्या पायाशी एक. आणि तो चालत होता."

३

मंगळवारी दुपारी चिंगी टेबलाखाली बसून बाहुलीला रागावत होती आणि मी टेबलावर माझी जुनी चित्रं पसरली होती. पाटीसाठी गेल्या वर्षी मी पाणकावळ्यासमोर नऊ दिवस बसून त्याचं एकेक पीस काढलं होतं. मी चुका करते, पण पिसांत नाही.

चित्रात त्याची मांडी काळी होती. नुसती काळी.

सोमवारी पाहिलेला पक्षी मी डोळे मिटून आठवला. पसरलेला पंख, त्याखाली पोट, त्याखाली…

"चिंगे, चप्पल घाल."

"बाहुली जेवली नाही अजून."

"तिला डबा दे."

दालनात कुणी नव्हतं. चिंगी माझा पदर धरून उभी. मी काचेला नाक लावलं. मांडीवर पांढरा ठिपका होता, चांगला तळहाताएवढा. पाणकावळ्याला तो जोडी जमवायच्या मोसमात येतो आणि नंतर जातो. पण चाळीस वर्षांपूर्वी मेलेल्याला लग्नाचा मोसम कुठून येणार?

हा तो पक्षी नव्हताच.

गळ्याची कातडीही पाहिली. आमच्या पक्ष्याची सुकून तपकिरी झालेली, वर मामाने पिवळा रंग दिलेला. याची आतूनच पिवळी होती, ओलसर. हा काही दिवसांपूर्वीपर्यंत जिवंत होता. काचेवरचं धुकं त्याच्या अंगातून येत होतं. कातडी नीट वाळायच्या आत त्याला इथे आणून ठेवलं होतं, आणि मिटलेल्या पंखांखाली ती कुजली असती म्हणून पंख उघडे ठेवले होते. चिंगी बरोबर म्हणाली होती. तो वाळत होता.

मला हसू येणार होतं, तेवढ्यात त्याच्या डाव्या डोळ्याकडे लक्ष गेलं. हिरव्या काचेचा डोळा, आणि काचेत मोहरीएवढा हवेचा बुडबुडा. तो बुडबुडा मी नऊ दिवस पाहिला होता. चित्रातही काढला होता.

पक्षी नवा, पण डोळे जुने.

म्हणजे मावशींनी पाहिलेलं खरं होतं. जुना पाणकावळा कुठेतरी होता, डोळ्यांवाचून.

"आई," चिंगी म्हणाली, "झोळीवाला आपल्याकडे बघतोय."

"काचेचे डोळे आहेत, बाळा. ते कुणाकडेच बघत नाहीत."

तरी आम्ही दोघी जरा भराभरच बाहेर पडलो.

४

पक्षी बदलायला किल्ली लागते आणि हात लागतो. मॅडमकडे किल्ली आहे, पण त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही. पंखात तार घालणं दूरच. मावशींकडे दोन्ही नाहीत. उरलं कोण, हे मला मंगळवारीच कळलं होतं. मला कळत नव्हतं ते का.

बुधवारी चिंगीला ताप आला, म्हणून तलावात मासे धरणाऱ्या नावाड्याकडे गुरुवारी गेले. सगळे त्याला दादा म्हणतात. तो काठावर जाळं पसरून भोकं शिवत होता.

"दादा, मामाला पाणकावळा तुम्ही दिलात?"

त्याने दोरा दाताने तोडला. "हो मग? चोरी आहे का? थंडीत दोन-चार सापडतातच. तळाला जाळं टाकतो, हे माशामागे बुडी मारतात आणि अडकून मरतात. मला काय हौस आहे? फुकट जाळं फाटतं."

"मामाने मागितला?"

"महिन्याभरापूर्वी. म्हणाला, मेलेला मिळाला की टाकू नकोस, माझ्याकडे आण." तो हसायला लागला. "आणि झोळीवालाही मागत होता! म्हटलं, मामा, चाळीस वर्षं पक्षी भरलेत ना? तो बुडी मारतो का? वरच्या वर तरंगणारा तो, तळाच्या जाळ्यात येणार कसा? तर म्हातारा रडकुंडीला आला हो. म्हणे काहीतरी कर, शाळेची मुलं येणार त्या शनिवारच्या आत मला दोन्ही हवेत."

मी बसलेच तिथे, ओल्या दगडावर.

"दोन्ही?"

"दोन्ही. मी म्हटलं, एकच मिळेल, तोही नशीब असलं तर. मागच्या आठवड्यात मिळाला."

मामाला बदलायचे होते दोन्ही पक्षी. पेटीतले दोघेच. ज्यांना चाळीस वर्षांत कसर लागली नाही ते दोघे. ज्यांच्या पायाशी किडे मरून पडतात ते दोघे. आणि शनिवारच्या आत, कारण शनिवारी काच निघणार होती आणि शाळेची मुलं हात लावणार होती.

चिंगी लहान असल्यापासून मामाच्या खोलीत खेळते. पक्ष्याला हात लावला की तो ओरडायचा, नळाखाली धरून तिचे हात धुवायचा, दोनदा, तीनदा. मला वाटायचं, एकट्या माणसाला स्वच्छतेचं वेड असतं.

५

शुक्रवारी चार वाजता चिंगीला दालनातल्या बाकावर मावशींजवळ बसवलं.

"लगेच येते."

"किती लगेच?"

"शंभर म्हणेपर्यंत."

मामाच्या खोलीत फॉर्मलिनचा आणि जुन्या कापसाचा वास. तो खाटेवर बसला होता, हात मांडीत. जणू माझीच वाट बघत होता.

"खाटेखाली आहे ना तो?" मी म्हणाले.

त्याने मान डोलावली. मी वाकून पत्र्याची पेटी ओढली आणि झाकण उघडलं. जुना पाणकावळा आत, पंख मिटून, मुकाट. डोळ्यांच्या जागी दोन खाचा, तरीही त्याने वर पाहिल्यासारखं वाटलं.

"हात लावू नकोस," मामा म्हणाला.

"सोमल?"

"सोमल." हा विषाचा शब्द त्याने इतक्या हळू उच्चारला, जणू आजारी माणसाचं नाव घेतोय. "सव्विसाव्या वर्षी भरले मी हे दोघे. तेव्हाच्या साहेबांनी सोमल बंद केला होता, बिनविषारी टाकणखार वापरा म्हणाले. माझे गुरू म्हणायचे, टाकणखार म्हणजे किड्यांना जेवण. मला हे दोघे टिकवायचे होते गं. आतून सोमलाचा साबण चोळला आणि नोंदवहीत लिहिलं, टाकणखार. खाली सही."

"आणि चाळीस वर्षं लोक पाया पडले."

"म्हणाले, मामांच्या हाताला यश आहे. हाताला नव्हतं. विषाला होतं." तो आपल्या हातांकडे बघत होता. "काच होती तोवर कुणाला धोका नव्हता. मग या नव्या बाईंनी काच काढायचं काढलं. मी नको म्हटलं, किती वेळा म्हटलं. का नको, ते सांगता येईना. डोळ्यांचा हिरवा जोड एकच होता, तो यातून काढून त्यात घातला. तो नवा नीट वाळला असता, पंख मिटून बसवला असता, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. दिवस पुरले नाहीत. आणि झोळीवाला तर मिळालाच नाही."

"मग तो?"

"उद्या पहाटे त्याची झोळी फाडणार. दुरुस्तीला काढला म्हणायचं."

खरं तर तेव्हा मी ओरडायला हवं होतं. मी त्याच्या हातांकडे पाहिलं. आई गेल्यानंतर सहा वर्षं माझ्या वेण्या या हातांनी घातल्या होत्या. घट्ट, तारेसारख्या. शाळेत मुली हसायच्या.

"फाडू नकोस," मी म्हणाले. "कसर लागली म्हणू. पाणकावळ्याला लागली म्हणून तू तो बदललास, आणि घाबरून बोलला नाहीस. झोळीवाल्यालाही लागलीय, म्हणून तोही काढायचा. मी चित्रकार आहे, मी पाहिली म्हणून लिहून देते."

"बाई मानतील?"

"माझी सही मानतील."

त्याने स्टोव्ह पेटवला, चहा टाकला. आम्ही दोघं चहा घेत ती गोष्ट घासूनपुसून चकचकीत करत बसलो. कसर कधी दिसली, आधी कोणत्या पंखाला, किडे कोणत्या रंगाचे. मामा मध्येच हसलाही. "चोरीमारीत तुझी बुद्धी चांगली चालते गं," म्हणाला. मी म्हटलं, "मामावर गेलेय." खोलीत पहिल्यांदा बरं वाटत होतं. मेलेला पाणकावळा पेटीतून ऐकत होता.

मग दालनाकडून आवाज आला. लांब, किरटा. लाकडी खाचेतून काच सरकल्याचा.

मामाच्या हातातला कप तसाच राहिला.

"उद्या होतं ना?" मी म्हणाले.

६

काचवाल्यांना शनिवारी दुसरं काम निघालं होतं, म्हणून ते आजच आले होते. हे नंतर कळलं. धावत दालनात शिरलो तेव्हा एवढंच दिसलं: दोन माणसं मोठी काच आडवी धरून उभी, मॅडम कौतुकाने बाजूला, आणि स्टुलावर चिंगी. कोपरापर्यंत हात झोळीवाल्याच्या झोळीत.

"पहिला मान आपल्याच मुलीला," मॅडम हसून म्हणाल्या. "बघा, घाबरत नाही अजिबात."

मी तोंड उघडलं. आणि देवाशपथ, तोंडात काय आलं होतं? कसर. कसर लागलीय, हे शब्द आले होते. इतका वेळ घोकलेले.

ओरडला तो मामा.

"हात काढ! तोंडात घालू नकोस! सोमल आहे! आत सोमल आहे!"

त्याचा इतका मोठा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. चिंगीने हात बाहेर काढला आणि तो आपला नसल्यासारखा अंगापासून दूर धरला. बोटांना पांढरी पूड लागली होती.

"मी घातलाय," मामा म्हणाला. आता हळू. "दोघांत. चाळीस वर्षांपूर्वी. वहीत खोटं लिहिलंय. पाणकावळा मीच बदलला, हा बदलता आला नाही." त्याने खिशातून दोन्ही किल्ल्या काढल्या आणि झोळीवाल्याच्या पायाशी, मेलेल्या किड्यांशेजारी ठेवल्या. पाचला अजून वीस मिनिटं होती.

मॅडम स्वतः काचेला हात द्यायला धावल्या. काचवाल्यांना म्हणाल्या, "परत बसवा. आत्ताच्या आत्ता." मग डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, साबणाने हात धुवा, नखांखालून धुवा, कपडे बदला. तोंडात गेलं नसेल तर घाबरू नका.

तोंडात गेलं नसेल तर.

"गेलं नाही," मावशी म्हणाल्या. "मी बघत होते. एकदा नाक खाजवलं, पण दुसऱ्या हाताने." आणि तिथेच, केरसुणी टाकून, रडायला लागल्या.

मॅडमनी पेटीची किल्ली उचलली. खोलीची किल्ली एका बोटाने मामाकडे सरकवली.

"ही घ्या. वहीचं सोमवारी बोलू. वही घेऊन या. सगळ्या वह्या."

मामाने किल्ली उचलली नाही. तो आमच्या मागे नळापाशी आला आणि हातात टॉवेल घेऊन उभा राहिला.

मी चिंगीचं एकेक बोट धुतलं. करंगळी, मग तिच्या शेजारचं, मग मधलं. फेस झाला, गेला, पुन्हा साबण लावला. तिचे हात लाल झाले तरी मी थांबत नव्हते. ती न सांगता दुसरा हातही पुढे करत होती. मोठी माणसं घाबरली की ती अशीच शहाणी होते. शेवटी तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"आई, तू म्हणालीस शंभर म्हणेपर्यंत येते. मी दोनदा म्हटलं शंभर, मग एकदा उलटं म्हटलं. तू एवढा वेळ काय करत होतीस?"